दहाच्या डोक्यावरचा आकडा

ए, ऐक ना. मध्ये बोलू नकोस. शेवटी मी तुला विचारणारच आहे, तोपर्यंत नुसतं ऐक.

सुगंधा म्हणून एक आहे, घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहते, आमच्या नळाच्या वरच्या अंगाला. तिचे वडील दशरथ, मूळचे मालवणकडचे. गिरणीत होते, संपात गिरणी गेली, आता मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर असतात. तर ही सुगंधा बारावी झाली आणि अंधेरीला मरोळच्या बाजूला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात कामाला लागली. फोटो-टाइपसेटिंगचा गाळा. म्हणजे कसं, पुस्तकाचा नाहीतर प्रबंधाचा मजकूर मशीनवर टाइप होतो, चकचकीत पांढऱ्या कागदावर छापून बाहेर येतो, त्याला ब्रोमाइड म्हणतात. तो ब्रोमाइड ब्लेडने कापायचा आणि पुठ्ठ्यावर जिथल्या तिथे चिकटवायचा. पेस्टिंग. मग त्या पुठ्ठ्याचा फोटो काढून पुढची छपाई.

आता या गाळ्याची खासियत काय, तर कॉलेजवाल्यांचे, संशोधनवाल्यांचे आलेख. त्यातही लॉगवाले. तुला आठवतात ना, शाळेत लॉगची पुस्तिका होती ती? त्याचेच आलेख. साध्या आलेखावर एक, दोन, तीन असं जातं. यात पहिल्या खुणेला एक, दुसरीला दहा, तिसरीला शंभर, पुढे हजार, दर खुणेला दहापट. आता एवढी शून्यं रेषेखाली मावणार कुठे? म्हणून प्रत्येक खुणेखाली नुसता दहा लिहायचा आणि त्याच्या डोक्यावर, उजव्या कोपऱ्यात, एक बारका आकडा. दहावर तीन म्हणजे हजार. दहावर उणे तीन म्हणजे एकाचा हजारावा भाग. कळलं ना? नाही कळलं तरी एवढंच धर की सगळा आलेख त्या बारक्या आकड्यावर उभा असतो. तो बदलला की सगळंच बदललं.

आणि गाळ्यातलं मशीन जुनं. त्याला तो बारका आकडा दहाच्या डोक्यावर चढवता यायचा नाही. मशीन नुसते दहा छापून द्यायचं, आणि बारक्या आकड्यांची वेगळी पट्टी. ती पट्टी कापून एकेक आकडा ब्लेडच्या टोकावर उचलायचा, मागे रबर सोल्यूशनचं बोट लावायचं आणि दहाच्या डोक्यावर बसवायचा. तिळाएवढा तुकडा. जरा कललेला असला की छापल्यावर दारू प्यायल्यासारखा दिसतो. म्हणून पेस्टिंगच्या टेबलापाशी पंखा लावायचा नाही हा गाळ्याचा कायदा. ऑक्टोबर असो नाहीतर मे, घाम पुसायचा आणि श्वास धरून बसायचं.

या कामात राणी होती नलिनीताई. चेंबूरची, पंचेचाळीस-सेहेचाळीसची, अंबाड्यात नेहमी पेन्सिल खोचलेली. हात असा की बघत राहावं. पण जीभ म्हणशील तर तीही ब्लेडच. आणि तिची एक सवय होती. कुणी आकडा वाकडा लावला की ती तो सोलून काढायची आणि लावणाऱ्याच्या कपाळावर चिकटवायची, अगदी टिकलीच्या जागी. चहा येईपर्यंत काढायचा नाही. आणि तोपर्यंत त्या माणसाला नावाने कुणी हाक मारायची नाही, आकड्याने मारायची. ए चार, पुठ्ठा दे. ए सात, रडतेस काय. सुगंधा पहिले काही महिने रोज कुठला ना कुठला आकडा होती. एकदा तर दोन होते कपाळावर, तर नलिनीताई म्हणाली, हिला आता दोन खोल्यांचा नंबर मिळाला. सगळा गाळा हसला. सुगंधाही हसली, काय करणार.

जयवंतचं तर त्याहून वाईट. जयवंत म्हणजे मशीनवर बसणारा, टाइप करणारा. पेस्टिंग त्याचं काम नव्हतं, पण घाईत एकदा मदतीला बसला आणि त्याचा एक आकडा कलला. नलिनीताईने लावला कपाळाला. आणि नेमका त्याच दिवशी, चहाच्या आधी, त्याचे होणारे सासरे जावयाची नोकरी कशी आहे ते बघायला न सांगता गाळ्यावर आले. हा कपाळावर शून्य लावून त्यांच्यासमोर उभा. बरं, शून्य आहे हे त्याच्या लक्षातच नाही. सासरे बोलता बोलता सारखे कपाळाकडे बघतायत, आणि मागे नलिनीताई तोंडाला पदर लावून बसलेली. लग्न झालं म्हणा पुढे. पण जयवंतच्या डोक्यातून ते गेलं नाही, आणि बायको अजून चिडली की त्याला शून्य म्हणते, असं तोच सांगायचा.

तर अशी ती बाई. आता पुढचं ऐक.

एके दिवशी सुगंधा तिच्या शेजारी बसून पुठ्ठे पुसत होती. नलिनीताईने पट्टी कापली, शेवटचा तुकडा ब्लेडवर उचलला, सोल्यूशन लावलं, दहाच्या डोक्यावर बसवला, नखाने दाबला. एकदम सरळ. सुगंधाने बघितलं, तर तुकडा कोरा. पट्टीच्या टोकाला उरलेला कोरा कागद. आकडाच नाही त्याच्यावर. आणि ही बाई मान जरा तिरकी करून समाधानाने बघतेय, जसं काय झकास बसलाय.

सुगंधाला आधी हसू आलं. मग हळूहळू तिच्या लक्षात यायला लागलं. ही बाई लॉगचे आलेख दुसऱ्या कुणाला देत नाही, सगळे स्वतःकडे ओढते. का? कारण लॉगच्या रेषेवर आकडे क्रमाने जातात. जयवंत पट्टी क्रमाने छापतो, लहान आधी, मोठा नंतर. पट्टीचं डावं टोक रेषेच्या डावीकडे, बस. वाचायचं कामच नाही. मजकुराची पानं, तक्ते, साधे आलेख, सगळं तिने हळूहळू सुगंधाच्या गळ्यात घातलं होतं, वर म्हणायची, पोरी, शीक जरा.

सुगंधाने तो कोरा तुकडा सोलला आणि खरा आकडा शोधून लावला. नलिनीताई बघत होती तिच्या हाताकडे. म्हणजे हाताच्या दिशेने. मग खाली मान घालून एवढंच म्हणाली, "बसमध्ये बोलू."

घरी जायची बस दोघींची एकच. तिथे कळलं सगळं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. चष्मा लावून उपयोग नाही. डॉक्टर म्हणतात अजून पिकला नाही, पिकला की काढू, मग दिसेल. तोपर्यंत धुक्यात बसल्यासारखं. सुट्टी घेतली तर शेठ दुसऱ्याला बसवणार, सांगितलं तर आजच बसवणार. म्हणाली, तर तू फक्त बघत जा, मी विचारलं की सांगत जा. मी "ठीक?" म्हणेन, तू "ठीक" म्हण. एवढंच.

आणि सुगंधा करायला लागली ते. रोज. नलिनीताई चिकटवणार, पुटपुटणार "ठीक?", ही म्हणणार "ठीक", किंवा नसेल तर हळूच बोटाने पुठ्ठा सरकवणार. संध्याकाळी स्टॉपवर लांबून येणाऱ्या बसचा नंबरही हीच सांगायची. आणि खरं सांगू, सुगंधाला आवडायला लागलं होतं ते. कपाळावरचे आकडे बंद झाले होते ना. आणि राणी आपल्यावाचून आंधळी आहे हे एकटीला माहीत असणं, त्याची एक वेगळी मजा असते यार.

मग दिवाळीच्या तोंडावर, शहाऐंशी सालची ही गोष्ट, शेठने सगळ्यांना बोलावलं. चंद्रप्रकाश शेठ म्हणजे तसा माणूस ओरडणारा नाही. थंड. त्याने सांगितलं, दिवाळीनंतर नवीन मशीन येतंय, ते बारके आकडे आपले आपण डोक्यावर चढवून देणार. पेस्टिंगला दोन बायकांची गरज नाही. एक राहील, तिला कायम करतो. एक जाईल. कोण ते मी दिवाळीपर्यंत काम बघून ठरवतो.

आणि मग तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, नलिनीताईला विचारलं, ही पोरगी तयार झाली का.

त्या दिवशी सकाळपासून सुगंधाने तिला चार पुठ्ठे वाचून दिले होते. चार. तोंडाला कोरड पडली होती "ठीक, ठीक" करून. आणि नलिनीताई काय म्हणाली माहितेय? म्हणाली, "हिचा हात नाही बसला अजून, शेठ. आकडा लावते की जखमेला पट्टी मारते तेच कळत नाही."

गाळा हसला. शेठही जरासा हसला.

बसमध्ये नलिनीताईने स्वतःहून विषय काढला. म्हणे, रागावू नकोस, तुला अजून दहा ठिकाणी नोकरी मिळेल, माझ्या वयाला कोण विचारतंय. सुगंधा खिडकीतून बाहेर बघत बसली. घरी वडील रोज तेच विचारायचे, "काय गो चेडवा, शेटान कायम केल्यान मा?" गिरणी गेल्यापासून त्या घरात कायम हा शब्द देवाच्या नावासारखा घेतात. कुणाला तरी कायम नोकरी लागल्याशिवाय धाकटीचं कॉलेज नाही, हे सगळ्यांना माहीत होतं, बोलून कुणी दाखवत नव्हतं. बरं, दुसरी नोकरी शोधायची म्हटलं तर हिला येत काय होतं? तिळाएवढा आकडा सरळ लावायला. तेही नलिनीताईच्या म्हणण्याने नीट येत नव्हतं.

आता मला सांग, तिला राग आला असेल की नाही? थांब, आत्ता नको सांगूस.

दोन-तीन दिवसांनी एक मोठं काम आलं. अनुपमा मॅडम म्हणून कुणी संशोधन करणाऱ्या बाई, त्यांचा औषधावरचा प्रबंध. आलेख असा, की खाली आडव्या रेषेवर औषधाचं प्रमाण, लॉगवालं, डावीकडे दहावर उणे सहा, मग उणे पाच, उणे चार, असं करत उजवीकडे उणे एक. म्हणजे डावीकडून उजवीकडे औषध वाढत जातं. आणि वर जंतूंची रेघ, उजवीकडे जाता जाता खाली उतरत जाते. औषध वाढलं, जंतू मेले. मॅडम स्वतः दुपारी पुठ्ठे बघायला येणार होत्या.

सकाळी कटिंग चहा घेताना जयवंतने सुगंधाला खाली जिन्यात गाठलं. त्याला म्हणे बऱ्याच दिवसांपासून शंका होती. म्हणाला, म्हातारी वाचत नाही, अंदाजाने लावते, मी बघतोय. म्हणून आज त्याने गंमत केली होती. त्या आलेखाची बारक्या आकड्यांची पट्टी त्याने उलटी छापली. उणे एक पहिला, उणे सहा शेवटी. बघायला किती साधं, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, कुणाला संशय येणार नाही. पण लावली की सगळा आलेख उलटा. वाचत असेल तर लगेच ओरडेल माझ्या नावाने, म्हणाला, आणि नसेल वाचत तर... आणि हसला.

सुगंधा म्हणाली, कशाला रे, मॅडम येणार आहेत. तो म्हणाला, म्हणून तर. मग ग्लास खाली ठेवून बोलला, "एकच खुर्ची आहे सुगंधा. मला काही बसायचं नाहीये तिच्यावर."

वर आली तेव्हा नलिनीताईने पट्टी कापायला घेतलीच होती. काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, तिच्या चेहऱ्यावर खालून उजेड. घामाचे थेंब हनुवटीवरून पुसून ती परत वाकली. डावं टोक डावीकडे. पहिला आकडा ब्लेडवर घेतला. आणि नेहमी सगळं लावून झाल्यावर विचारणारी बाई त्या दिवशी आधीच थांबली. मॅडम येणार म्हणून असेल. पट्टी बोटाने सुगंधाकडे सरकवली आणि पुटपुटली, "पट्टी बघ गं. ठीक?"

सुगंधाने बघितलं. उणे एक, उणे दोन, उणे तीन. स्वच्छ काळे, चकचकीत कागदावर. मशीनच्या आडून जयवंत बघत होता. टाइप करायचा थांबला होता, त्यामुळे गाळ्यात एकदम शांत झालं होतं.

सुगंधा म्हणाली, "ठीक."

झालं. बाई कामाला लागली. आणि काय लावले म्हणून सांगू. सहाच्या सहा. प्रत्येक दहाच्या डोक्यावर तंतोतंत, उण्याची रेघ सुद्धा एका पातळीत. सुगंधा शेजारी बसून बघत होती. जयवंतने तोपर्यंत डार्करूमवाल्याला, हिशेबवाल्याला, सगळ्यांना खूण करून सांगितलं होतं. एकेक जण काहीतरी निमित्त काढून टेबलाशी येत होता, पुठ्ठ्याकडे बघत होता, आणि तोंड दाबून परत जात होता. नलिनीताईला वाटत होतं काम बघायला येतायत. एकाला तर ती म्हणाली, बघ बघ, मशीन येऊ दे, असं बसवून दाखवू दे त्याला. तो मोरीत जाऊन हसला.

सुगंधाला वाटलं होतं का की सांगावं? वाटलं होतं. दोनदा तोंड उघडलं तिने. पण आता सांगायचं म्हणजे आपण आधी ठीक का म्हणालो तेही सांगावं लागणार. आणि जितका एकेक आकडा बसत गेला तितकं ते अवघड होत गेलं.

दुपारी अनुपमा मॅडम आल्या. शेठने पुठ्ठा उभा धरला. नलिनीताई पदराला हात पुसत पुढे आली आणि म्हणाली की बघून घ्या, केसाइतका फरक सापडायचा नाही. मॅडमनी चष्मा वर केला, बघितलं, आणि खालच्या आकड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, अगदी सौम्य आवाजात, "बसलंय सुंदर. पण यावरून औषध जितकं कमी द्याल तितके जंतू जास्त मरतायत. म्हणजे औषध न देणं उत्तम."

कुणीतरी मागे फिसकन हसलं. शेठने पुठ्ठा आपल्याकडे वळवला. त्याला कळायला वेळ लागला नाही. त्याने आधी जयवंतला विचारलं, पट्टी अशी का छापली. जयवंत तयारच होता. म्हणाला, "शेठ, घाईत झालं असेल. पण पट्टी ही पट्टी असते. लावणाऱ्याने बघून लावायची."

नलिनीताईने एकदा, फक्त एकदा, सुगंधाच्या दिशेने मान वळवली. ती सांगू शकत होती ना की मी हिला विचारलं होतं. पण मग शेठ विचारणार, तुला विचारायची गरज का पडली? ते तिला कळलं, आणि सुगंधालाही कळलं की तिला कळलंय. नलिनीताई म्हणाली, चुकलं शेठ, गडबडीत. आत्ता बदलून देते, मॅडम बसा, चहा होईपर्यंत होतंय.

आणि काय हुशार बाई बघ. तिने सहाही आकडे ब्लेडने सोलले, मागचं सोल्यूशन अंगठ्याने चोळून काढलं आणि काचेवर ओळीने मांडले, जसे होते तसेच. आता वाचायचं काय त्यात? डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे, झालं काम. ओळ मोडली नाही तर डोळे नसले तरी चालतं. सुगंधा सांगते, त्या वेळी तिला मनातून बरंच वाटलं होतं. वाटलं, सुटली बाई, आणि आपणही सुटलो.

तेवढ्यात जयवंत म्हणाला, मॅडमना किती उकडतंय, आणि कोपऱ्यातला स्टँडचा पंखा टेबलाकडे वळवून चालू केला.

सहा तीळ. उडाले. दोन काचेवर फिरले, एक नलिनीताईच्या मनगटाला चिकटला, बाकीचे कडेला. शेठ ओरडला, बंद कर. बंद केला. जयवंत सॉरी सॉरी म्हणत राहिला. सुगंधाने खाली वाकून, कडेचे, मनगटावरचा, सगळे गोळा केले आणि काचेवर ठेवले. सहाही होते. पण आता ओळ नव्हती.

सगळे टेबलाभोवती उभे. शेठ, मॅडम, जयवंत, डार्करूमवाला, सगळे. नलिनीताईने एक आकडा ब्लेडच्या टोकावर उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. उजेडाकडे धरला. तिच्या हाताला कंप म्हणून नव्हता, हे सुगंधा मुद्दाम सांगते, हात अगदी स्थिर होता. मग तिने ब्लेड हळूच सुगंधाच्या बाजूला आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणजे लपवणं सोडूनच दिलं तिने, विचारलं,

"सुगंधा, हा कितीचा गं?"

उणे चार होता. सुगंधाच्या नाकासमोर होता. दोन शब्द बोलायचे होते.

सुगंधा म्हणाली, "तुम्हीच बघा ना, नलिनीताई."

कुणी हसलं नाही या वेळी. मॅडम खिडकीकडे बघायला लागल्या. नलिनीताईने तो आकडा घेतला, सोल्यूशन लावलं आणि अगदी डावीकडच्या दहाच्या डोक्यावर बसवला. सरळ. उणे चार, जिथे उणे सहा पाहिजे तिथे. मग दुसरा उचलला, तो दुसऱ्या दहावर. तो उणे एक होता. तिसऱ्याला शेठ म्हणाला, पुरे. तरी तिने तिसरा लावलाच. मग ब्लेड खाली ठेवलं.

शेठने विचारलं कधीपासून. तिने सांगितलं, पावसाळ्याच्या आधीपासून. मोतीबिंदू आहे, पिकला की काढणार. शेठने मान हलवली, आणि पहिलं वाक्य काय बोलला, तर इतक्या महिन्यांत कुणाकुणाची पुस्तकं अशी गेली असतील देव जाणे. ती म्हणाली, एकही नाही गेलं. शेठ म्हणाला, ते तू कशावरून सांगतेस? तुला दिसत कुठे होतं? एकही गेलं नव्हतं, हे खरं होतं. ते सांगू शकणारी एकच होती, आणि ती गप्प उभी होती.

मग शेठ सुगंधाला म्हणाला, बस. नलिनीताई उठली, ही बसली. सगळ्यांसमोर तिने ते सहा आकडे लावले. उणे दोन चांगलाच कलला. शेठने पुठ्ठा उचलून बघितला आणि म्हणाला, "थोडं तिरकं आहे. चालेल."

चालेल! नलिनीताईच्या इतक्या वर्षांत त्याने हा शब्द तिला कधी म्हटला नव्हता. ती मागेच उभी होती, तिने ऐकला.

संध्याकाळी बसस्टॉपवर दोघी. दुसरा स्टॉपच नाही ना तिथे, जाणार कुठे. नलिनीताईच्या पिशवीत डबा, चप्पल, टेबलाच्या खणातलं जे काय होतं ते. सुगंधा जरा बाजूला उभी राहिली. बस लांबून दिसायला लागली. रोज ही नंबर सांगायची. त्या दिवशी नलिनीताईने पुढे उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईला विचारलं, चेंबूरची का हो ही. त्या बाईने सांगितलं, तुमची नाही.

ती बस गेल्यावर नलिनीताई, रस्त्याकडेच बघत, म्हणाली, "एकच सांग. पट्टी बघून ठीक म्हणालीस, की न बघता?"

आता बघ, सुगंधाला सोपं होतं. म्हणायचं, न बघता म्हणाले ताई, चुकलं माझं. खोटं, पण बाईला रात्री झोप लागली असती. घाईत पोरीची नजर चुकली, आपलं नशीब, असं समजून घरी गेली असती. सुगंधा सांगते, ते वाक्य तिच्या ओठावर आलं होतं. पण मग तिला शेठसमोरचं ते आठवलं, जखमेला पट्टी मारते, आणि सगळा गाळा हसला होता ते.

ती म्हणाली, "बघून."

नलिनीताईने मान हलवली. दोन-तीनदा. म्हणाली, "बरं. म्हणजे बघायला शिकलीस."

मग बस आली, त्या अनोळखी बाईने हात धरून नलिनीताईला चढवलं. सुगंधा त्या बसमध्ये चढली नाही, मागची घेतली. घरी वडिलांना सांगितलं, केलं कायम. वडिलांनी देवासमोर हात जोडले आणि खाली जाऊन पाव किलो पेढे आणले, सगळ्या गल्लीत वाटले. आम्हीही खाल्ले, कशाचे ते तेव्हा माहीत नव्हतं. नलिनीताईचं पुढे काय झालं कुणाला ठाऊक नाही. मोतीबिंदू पिकला की नाही, काढला की नाही. चेंबूरला कुठे राहते तेसुद्धा गाळ्यात कुणी विचारून ठेवलं नव्हतं.

सुगंधा कधीकधी सांगायला बसते हे सगळं, आणि दर वेळी शेवटी म्हणते, मी काय चूक केली? पट्टी मी छापली नव्हती, पंखा मी लावला नव्हता. म्हणून तुला विचारतोय.

तर आता बोल तू. नोकरी तुझी, घरी बाप वाट बघतोय, समोर ती बाई जी तुझेच डोळे वापरून तुलाच हसली, आणि तिच्या ब्लेडच्या टोकावर तो आकडा. तुला स्वच्छ दिसतोय. तू काय केलं असतंस?